शंभरातले तेरा : जुन्या व्हिडिओ गेमचा हिशेब

१०० पैकी १३. अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेले व्हिडिओ गेम आज सरळ मार्गाने, पैसे मोजून विकत घ्यायचे ठरवले, तर शंभरातले एवढेच हाती लागतात. उरलेले ८७ बाजारातच नाहीत. व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशन आणि सॉफ्टवेअर प्रिझर्व्हेशन नेटवर्क या दोन संस्थांनी जुलै २०२३ मध्ये ही पाहणी प्रसिद्ध केली. त्यासाठी दीड हजारांहून अधिक गेम तपासले गेले. १९८५ च्या आधीच्या गेमपर्यंत मागे गेले, तर हे प्रमाण ३ टक्क्यांच्याही खाली जाते. तुलनेसाठी त्यांनी अमेरिकन मूकपटांचा आकडा दिला आहे: त्यांतले १४ टक्के टिकले. शंभर वर्षांपूर्वीचे मूकपट आणि आपल्या डोळ्यांदेखत आलेले गेम आज जवळपास एकाच पायरीवर उभे आहेत.

गेमच्या बातम्यांत हा आकडा क्वचित दिसतो. तिथे गाजतात ते अब्जांचे सौदे. मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड ६८.७ अब्ज डॉलरला घ्यायचे ठरवले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तो व्यवहार पूर्ण झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या ५५ अब्ज डॉलरच्या विक्रीची घोषणा झाली. गुंतवणूकदारांना हे आकडे कामाचे आहेत. खेळणाऱ्याच्या दृष्टीने मात्र मला १३ हाच आकडा महत्त्वाचा वाटतो. लहानपणी खेळलेला गेम आज रास्त किमतीत, कायद्याने, चालू स्थितीत मिळतो का, एवढेच त्याला विचारायचे असते. प्रवरेच्या काठी, नगर–मनमाड रस्त्यावरच्या आमच्या कोल्हारातून हा प्रश्न विचारला की त्याचे उत्तर पुण्या-मुंबईपर्यंत आणि थेट दिल्लीच्या कायद्यांपर्यंत जाऊन पोहोचते.

१७ टक्के माणसे, २ टक्के पैसा

आधी बाजाराचा आकार पाहू. न्यूझू या संस्थेच्या २०२४ च्या अंदाजानुसार जगात ३४२ कोटी लोक गेम खेळतात आणि वर्षाला १८७.७ अब्ज डॉलर खर्च करतात. भारताबद्दल लुमिकाई या गुंतवणूक संस्थेचा २०२३-२४ चा अहवाल सांगतो की आपल्याकडे ५९.१ कोटी खेळाडू आहेत आणि बाजार ३.८ अब्ज डॉलरचा आहे.

हे दोन आकडे शेजारी ठेवले की चित्र स्पष्ट होते. जगातल्या खेळाडूंपैकी सुमारे १७ टक्के भारतात आहेत, पण पैशातला वाटा जेमतेम २ टक्के आहे. माणशी काढले तर जगाची सरासरी सुमारे ५५ डॉलर येते, भारताची साडेसहा डॉलरच्या आत. डॉलरला ८५ रुपये धरले, तर तिकडे साडेचार हजारांहून अधिक आणि इकडे साडेपाचशेच्या आसपास. आपल्या ३.८ अब्जांतही पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या रमी आणि फँटसी ॲपचा मोठा हिस्सा होता. निव्वळ खेळाच्या आनंदासाठी दिलेला पैसा त्याहून कमीच.

पैसे लावण्याचा तो धंदा आता कायद्याने बंद आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यावर २८ टक्के जीएसटी लागला. मग २२ ऑगस्ट २०२५ रोजी ऑनलाइन गेमिंगच्या नव्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. असे खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. मला हे पाऊल योग्य वाटते. गावात ‘गेम’ म्हटले की आईबापांच्या डोळ्यांसमोर पोराने हरलेले पैसे उभे राहू लागले होते, आणि त्या बदनामीत कॉन्ट्रा-मारिओसारखे साधे जुने गेमही ओढले जात होते. हा कायदा ई-स्पोर्ट्सला मान्यता देतो, साध्या गेमना वेगळे काढतो. जुने गेम जपण्याबद्दल मात्र त्यात एक ओळही नाही.

आपला बहुतेक खेळ फोनवर चालतो. जगातही तेच आहे: न्यूझूच्या २०२५ च्या अंदाजात १८८.८ अब्जांपैकी १०३ अब्ज डॉलर मोबाइलचे आहेत. ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ (बीजीएमआय) हा गेम २ जुलै २०२१ ला आला आणि वर्षभरात त्याची नोंदणी १० कोटींवर गेली. २८ जुलै २०२२ ला सरकारी आदेशाने तो ॲपच्या दुकानांतून निघाला आणि मे २०२३ च्या शेवटी परतला. दहा महिने देशातला एवढा लोकप्रिय गेम नव्या फोनवर रीतसर घेता येत नव्हता. चालू गेमची ही गत, तर जुन्यांचे काय होत असेल?

चाळीस किलोबाइट

जुना गेम म्हणजे नेमके किती सामान? सुपर मारिओ ब्रदर्स १३ सप्टेंबर १९८५ ला जपानात आला. तो पूर्ण गेम ४० किलोबाइटचा आहे: ३२ किलोबाइट प्रोग्रॅम आणि ८ किलोबाइट चित्रे. ज्या यंत्रावर तो चालायचा, त्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची (अमेरिकेत नाव एनईएस) काम करण्याची स्मृती, म्हणजे रॅम, २ किलोबाइट होती. एवढ्याशा जागेत ८ जग आणि त्यांचे ३२ टप्पे बसवायचे, म्हणून एकेक चित्र दोनदा वापरले आहे. आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप एकाच आकाराचे आहेत, फक्त रंग बदलला आहे. तीस वर्षे खेळूनही बहुतेकांच्या हे लक्षात येत नाही. एकदा दिसले की मात्र त्या कारागिरीला हात जोडावेसे वाटतात.

या गेमच्या ४ कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या आणि यंत्रे ६.१९ कोटी. या मोजणीत कोल्हार नाही, नगर जिल्हा नाही, जवळजवळ भारतच नाही. आपल्याकडे आली ती फॅमिकॉमची नक्कल केलेली यंत्रे. ‘लिटल मास्टर’, ‘टर्मिनेटर’ अशा नावांनी ती विकली जायची. आपण त्यांना नुसते ‘व्हिडिओ गेम’ म्हणायचो, हातातल्या कंट्रोलरला ‘रिमोट’ आणि गेमच्या डबीला ‘कॅसेट’. कॅसेटवर ‘९९९९ इन १’ छापलेले असे, आत वेगवेगळे गेम मोजकेच. तेच गेम वेगळ्या टप्प्यापासून सुरू करून यादी लांबवलेली. परवानगीने विकले जाणारे यंत्र घ्यायचे म्हटले, तर १९९५ च्या सुमारास शॉ वॉलेस कंपनीने आणलेल्या सेगाची किंमत सुमारे १८,००० रुपये होती. आयात कर ८० टक्के होता. १८,००० रुपये त्या काळी ऊसवाल्या घरातही सहज निघत नसत. नकली यंत्र काही शेकड्यांत मिळे. एका अख्ख्या पिढीची गेमशी ओळख त्या नकलेतून झाली, कारण असली वस्तू आमच्यापर्यंत कुणी परवडणाऱ्या किमतीत आणलीच नाही.

त्या गेममध्ये खेळ साठवून ठेवायची सोय नव्हती. मारिओचे ३२ टप्पे एका बैठकीत पार करायचे. नगर जिल्ह्यातल्या लोडशेडिंगच्या वर्षांत याचा अर्थ फार सरळ होता. सातव्या जगात पोहोचलेला मारिओ लाइट गेली की संपला. आल्यावर पुन्हा पहिल्यापासून. कॉन्ट्राचे ८ टप्पे ३ लाइफमध्ये पार होत नसत, म्हणून वर-वर-खाली-खाली-डावे-उजवे-डावे-उजवे-बी-ए या कळा दाबून ३० लाइफ घ्यायच्या. हा मंत्र जपानच्या कोनामी कंपनीतून निघाला आणि आमच्याकडे तो तोंडी आला, कुठल्याही छापील पुस्तिकेशिवाय.

आज या गेमच्या नव्या आवृत्त्यांत हव्या त्या क्षणी खेळ साठवता येतो, दोन पावले मागेही नेता येतो. जुन्या खेळाडूंपैकी काहींना यात खेळाचा कस जातो असे वाटते. मला ते पटत नाही. ज्याचा डाव वीज मंडळाने मोडला, त्याला शेवटचा टप्पा पाहण्याचा पूर्ण हक्क आहे.

गेममागे किती डॉलर?

कंपन्यांनी जुना माल पुन्हा विकायला काढला, तो कोणत्या भावात? इथे खालील हिशेब पाहा.

निन्टेन्डोचा एनईएस क्लासिक, नोव्हेंबर २०१६: ३० गेम, ६० डॉलर, गेममागे २ डॉलर.
एसएनईएस क्लासिक, २०१७: २१ गेम, ८० डॉलर, गेममागे ४ डॉलरच्या आत.
प्लेस्टेशन क्लासिक, डिसेंबर २०१८: २० गेम, १०० डॉलर, गेममागे ५ डॉलर.
कॉन्ट्रा ॲनिव्हर्सरी कलेक्शन, जून २०१९: १० गेम, २० डॉलर, गेममागे २ डॉलर.
अटारी ५०, नोव्हेंबर २०२२: शंभरहून अधिक गेम, ४० डॉलर, गेममागे ४० सेंटच्या आत.

एनईएस क्लासिकच्या २३ लाखांहून अधिक प्रती खपल्या, एसएनईएस क्लासिकच्या ५२ लाखांहून अधिक. प्लेस्टेशन क्लासिक मात्र काही आठवड्यांतच ६० डॉलरवर उतरवावा लागला. कारण नुसते महागपण नव्हते. त्यातल्या बऱ्याच गेमच्या युरोपीय आवृत्त्या घातल्या होत्या. त्या ५० हर्ट्झवर चालणाऱ्या, म्हणजे मूळ ६० हर्ट्झच्या गेमपेक्षा संथ. खेळाडूच्या बोटांना हा फरक लगेच कळतो. उडी मारायची वेळ चुकते, आणि चूक आपली नसते. याउलट अटारी ५० मध्ये डिजिटल इक्लिप्स कंपनीने गेमसोबत जुनी कागदपत्रे आणि ते घडवणाऱ्या माणसांच्या मुलाखती दिल्या. एखाद्या जुन्या ग्रंथाची नवी आवृत्ती प्रस्तावना आणि टिपांसह काढावी, तशी ती काढली आहे. माझ्या मते गेल्या काही वर्षांतले या क्षेत्रातले सर्वांत चांगले काम हेच.

आता हे भाव आपल्या मापाने मोजू. सप्टेंबर २०१८ पासून निन्टेन्डोने जुने गेम सुटे विकण्याऐवजी वर्गणीत द्यायला सुरुवात केली: वर्षाला २० डॉलर. त्याआधी वी यंत्रावर एनईएसचा एक गेम ५ डॉलरला कायमचा मिळत होता. वर्गणीत गेम पुष्कळ मिळतात हे खरे, पण दहा वर्षांत २०० डॉलर जातात आणि अकराव्या वर्षी पैसे थांबवले की कपाट रिकामे. सोनीने प्लेस्टेशन ५ सोबत डेमन्स सोल्स हा २००९ चा गेम नव्याने घडवून आणला. भारतात त्याची किंमत ४,९९९ रुपये ठेवली. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे एका जुन्या गेमची नवी आवृत्ती घ्यायला १६ दिवसांची मजुरी. यंत्र २ फेब्रुवारी २०२१ ला ४९,९९० रुपयांना आले, म्हणजे आणखी १६० दिवस.

किंमत भरली तरी आकारमानाचा अडसर राहतोच. आजचा मोठा गेम सहज १०० गीगाबाइटचा असतो. त्या जागेत मारिओचे २६ लाख गेम मावतील. दिवसाला दीड जीबीच्या रिचार्जवर तो उतरवून घ्यायला दोन महिन्यांहून अधिक काळ लागेल. डिस्क विकत घेतली तरी बऱ्याचदा उरलेला भाग नेटवरूनच घ्यावा लागतो. गावातल्या खेळाडूला छोटे, पूर्ण आणि नेटशिवाय चालणारे गेम हवे असतात. जुने गेम नेमके तसेच असतात. या एका कारणासाठी तरी कंपन्यांनी भारतात त्यांचा रास्त भाव ठरवायला हवा: गेममागे दीडशे-दोनशे रुपये, एकदाच, कायमचे. वरच्या यादीतला २ डॉलरचा भाव रुपयांत १७० होतो. म्हणजे ही मागणी अवाजवी नाही.

घेतलेला गेम कुणाचा?

युबीसॉफ्टचा ‘द क्रू’ हा मोटारशर्यतीचा गेम डिसेंबर २०१४ मध्ये आला आणि एक कोटीहून अधिक लोकांनी तो खेळला. ३१ मार्च २०२४ ला कंपनीने त्याचे सर्व्हर बंद केले. एकट्याने खेळायचा भागही सर्व्हरवर अवलंबून असल्याने डिस्क घरात असूनही गेम मेला. त्यातून रॉस स्कॉट याने ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी केली. जुलै २०२५ पर्यंत युरोपीय संघातल्या नागरिकांच्या निवेदनावर १० लाखांहून अधिक सह्या झाल्या. मागणी साधी आहे: विक्री थांबवा, सर्व्हर बंद करा, पण ज्याने पैसे दिले त्याच्याकडे गेम चालत्या स्थितीत सोडा.

सोनीचा ‘काँकॉर्ड’ तर २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. चौदा दिवस. पैसे परत मिळाले, पण कित्येक वर्षे त्यावर राबलेल्या माणसांचे काम आता कुणालाच पाहता येत नाही. २७ मार्च २०२३ ला निन्टेन्डोने थ्री-डीएस आणि वी यू या यंत्रांची ऑनलाइन दुकाने बंद केली. जे गेम फक्त तिथेच विकले जात होते, त्यांची विक्री त्या दिवशी संपली.

आपल्याकडच्या नेट कॅफेच्या पिढीला सर्वांत जवळचे उदाहरण ‘व्हाइस सिटी’चे. २००२ मध्ये प्लेस्टेशन २ वर, २००३ मध्ये कॉम्प्युटरवर आलेला हा गेम तासाला दहा-वीस रुपये देऊन महाराष्ट्रभर खेळला गेला. नोव्हेंबर २०२१ मध्ये रॉकस्टारने त्याची नवी आवृत्ती काढली आणि त्याआधीच जुनी विक्रीतून काढली. नवी इतकी सदोष निघाली की कंपनीला थोड्याच दिवसांत माफी मागून जुनी परत ठेवावी लागली. त्याच्याही आधी, परवान्यांची मुदत संपली म्हणून गाडीच्या रेडिओवरची मायकेल जॅक्सनची गाणी गेममधून गेली होती. म्हणजे ‘जुना गेम उपलब्ध आहे’ असे लिहिलेले असले, तरी तो पूर्ण आहे का, हे वेगळे तपासावे लागते.

कॅलिफोर्नियाने यावर निदान सत्य सांगण्याचे बंधन घातले आहे. १ जानेवारी २०२५ पासून तिथे ऑनलाइन दुकानाला ग्राहकास स्पष्ट सांगावे लागते की तो गेमची मालकी घेत नसून वापरायचा परवाना घेत आहे. भारतीय ग्राहकालाही हे वाक्य, तेही मराठीत, पैसे भरण्याआधी दिसायला हवे.

पुण्या-मुंबईचा हिशेब

इथपर्यंतचे सारे परदेशातले वाटेल. पण जुन्या गेमच्या पुनर्जन्माची एक मोठी गोष्ट आपल्या महाराष्ट्रातच घडली आणि मोडली.

जॉर्डन मेकनर या तरुणाने ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ ॲपल-२ या संगणकासाठी बनवला. तो १९८९ मध्ये आला. नायकाची धाव खरी वाटावी म्हणून त्याने आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून व्हिडिओ घेतला आणि एकेक चौकट गिरवून काढली. संगणकाची स्मृती इतकी अपुरी पडली की शत्रूचे वेगळे चित्र बसेना. म्हणून नायकाचेच चित्र थोडे बदलून सावलीपुरुष घडवला. साठ मिनिटांत राजकन्येला सोडवायचे. आपल्याकडच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये फ्लॉपीवरून हातोहात फिरलेला गेम तो हाच. त्याचा मूळ प्रोग्रॅम हरवला होता. २०१२ मध्ये मेकनरच्या वडिलांना घरातल्या एका खोक्यात जुन्या फ्लॉपी सापडल्या. जाणकारांनी त्या जपून वाचल्या आणि प्रोग्रॅम सर्वांसाठी खुला झाला. तेवीस वर्षांनी एक गेम वाचला, तो एका बापाने खोके फेकले नाही म्हणून.

त्याच मालिकेतला ‘सँड्स ऑफ टाइम’ हा २००३ चा गेम. युबीसॉफ्टने त्याचा नवा अवतार घडवायचे काम आपल्या पुणे आणि मुंबई इथल्या स्टुडिओंकडे दिले. पुण्याचा स्टुडिओ २००८ पासून युबीसॉफ्टकडे आहे, मुंबईचा २०१८ मध्ये सुरू झाला. १० सप्टेंबर २०२० ला घोषणा झाली. जगात गाजलेल्या एका गेमचे पुनर्निर्माण महाराष्ट्रात होत होते, आणि आम्हा खेळाडूंना त्याचा अभिमान होता. पहिल्या झलकेवर जगभरातून टीका झाली: चेहरे कच्चे, प्रकाश सपाट. २१ जानेवारी २०२१ ची तारीख मार्चवर गेली, मग बेमुदत लांबली. मे २०२२ मध्ये काम कॅनडातल्या मॉन्ट्रियल स्टुडिओकडे गेले. आणि पहिल्या ठरलेल्या तारखेला पाच वर्षे होत असताना, जानेवारी २०२६ मध्ये युबीसॉफ्टने आणखी पाच गेमसोबत हा गेमही रद्द केला.

२००३ चा मूळ गेम कॉम्प्युटरवर आजही विकत मिळतो. पुण्या-मुंबईच्या मंडळींनी घडवलेले मात्र काहीच मिळत नाही. झलकेवरची टीका चुकीची होती असे मी म्हणणार नाही. पण एखाद्या स्टुडिओचा पहिला मोठा प्रयत्न कसा होता, कुठे अडला, काय जमले होते, हे पुढच्या मुलांना पाहता आले पाहिजे. आज ते काम एका कंपनीच्या ताब्यात आहे आणि ते उघडायचे की पुसायचे हे तीच कंपनी ठरवणार. अशा कंपन्यांत माणसेही टिकत नाहीत: जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने गेम विभागातून १,९०० आणि पुढच्याच महिन्यात सोनीने ९०० जणांना कमी केले. माणूस गेला की त्याच्या डोक्यातली माहितीही गेली.

याची दुसरी, आनंदाची बाजूही पुण्यातच आहे. १९८० चा ‘पॅक-मॅन’ मोबाइलवर चालता ठेवण्याचे काम २०२१ पासून जपानच्या बंदाई नाम्कोने पुण्याच्या सुपरगेमिंगकडे सोपवले. चाळीस वर्षांचा गेम जिवंत ठेवण्याचे कौशल्य आपल्या शहरात आहे, याचा हा पुरावा. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२० मध्ये जगभर पोहोचला. ‘रिअल क्रिकेट’ बनवणाऱ्या पुण्याच्या नॉटिलस मोबाइलवर बीजीएमआयवाल्या क्राफ्टनने २०२५ मध्ये सुमारे १.४ कोटी डॉलर देऊन ताबा मिळवला. नवे घडवणारे हात आहेत, मग जपणारे का नसावेत?

सर्वांत जास्त धोका आहे तो आपल्या मधल्या पिढीच्या गेमना. प्लेस्टेशन २ जगात १६ कोटींवर खपला आणि भारतात त्याची चलती उशिरापर्यंत राहिली. म्हणून सोनीने आपल्याकडच्या स्टुडिओंकडून खास गेम करून घेतले: २००९ मध्ये ‘हनुमान: बॉय वॉरियर’ आणि ‘देसी अड्डा’, २०१० मध्ये ‘स्ट्रीट क्रिकेट’. ‘देसी अड्डा’मध्ये कबड्डी होती, विटीदांडू होता, पतंग होते. यंत्राचे उत्पादन २०१३ च्या सुरुवातीला थांबले आणि हे गेम डिस्कवरच राहिले. डिस्कला ओरखडे पडतात, यंत्राची लेन्स कमजोर होते. अमेरिकेच्या पाहणीतले ८७ टक्के वाचून हळहळणाऱ्या आपल्या खेळाडूंनी आधी या तीन नावांची काळजी करायला हवी.

पुस्तकाला कायदा आहे, गेमला नाही

मराठीत एखादा काव्यसंग्रह निघाला की प्रकाशकाला त्याची प्रत कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांत स्वखर्चाने पाठवावी लागते. १९५४ चा कायदा तसे सांगतो. १९५६ पासून वर्तमानपत्रेही त्यात आली. २०० प्रतींचा संग्रहही अशा रीतीने देशाच्या कपाटात पोहोचतो. पुण्यात बनून लाखो फोनवर गेलेल्या गेमला असे कुठलेही बंधन नाही. जपानचे राष्ट्रीय संसद ग्रंथालय २००० पासून डिस्क-कॅसेटवरचे गेमही जमा करून घेते.

चित्रपटांबाबत आपण हा धडा फार महागात शिकलो. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात १९६४ मध्ये स्थापन झाले, तोवर खूप काही हातचे गेले होते. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे उरले. १९३१ च्या ‘आलम आरा’ची एकही प्रत नाही. पहिल्या चित्रपटानंतर संग्रहालय यायला ५१ वर्षे लागली. भारतीय बनावटीच्या प्लेस्टेशन गेमना अजून वीस वर्षेही झालेली नाहीत. म्हणजे या वेळी आपण उशीर टाळू शकतो.

कॉपीराइट कायदा या कामात पूर्ण आडवा येत नाही. १९५७ च्या कायद्यातले कलम ५२ रीतसर घेतलेल्या प्रोग्रॅमची सुरक्षेपुरती प्रत काढायला मुभा देते. पण संग्रहालयाने ती प्रत अभ्यासकाला चालवून दाखवावी, यासाठी स्पष्ट तरतूद हवी. अमेरिकेतही ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्रंथालयांना जुने गेम दुरून अभ्यासासाठी देण्याची सवलत नाकारली गेली. तिथे अडले ते आपल्याकडेही अडेल, हे आधीच ओळखून कायदा करता येईल.

खर्चाचे कारण इथे टिकत नाही. अमेरिकेत एनईएससाठी परवान्याने निघालेले सुमारे ७०० गेम एका साध्या पेन ड्राइव्हवर मावतात. प्लेस्टेशन २ ची एक डिस्क फार तर ८.५ गीगाबाइटची. जागा स्वस्त आहे; अडते ते परवानगीवर आणि इच्छेवर.

म्हणून माझ्या मागण्या तीन. एक, १९५४ च्या कायद्याच्या धर्तीवर भारतात बनलेल्या प्रत्येक विक्रीयोग्य गेमची एक चालती प्रत जमा करण्याचे बंधन असावे आणि ती प्रत पुण्यातल्या चित्रपट संग्रहालयाशेजारी स्वतंत्र विभाग उघडून ठेवावी. दोन, सर्व्हर बंद करणाऱ्या कंपनीने विकलेला गेम नेटशिवाय चालेल अशी शेवटची दुरुस्ती देऊनच बंद करावा. तीन, जुन्या गेमचा भारतासाठी वेगळा, एकरकमी भाव असावा.

यांतले पहिले काम कायद्याची वाट न पाहताही सुरू होऊ शकते, आणि ते मोठ्या शहरातच व्हायला हवे असे नाही. कोल्हारहून काही किलोमीटरवर लोणीत अभियांत्रिकी आणि संगणकाची कॉलेजे आहेत, शेकडो मुले तिथे प्रोग्रॅमिंग शिकतात. ‘हनुमान’, ‘देसी अड्डा’ आणि ‘स्ट्रीट क्रिकेट’ या तीन डिस्क मिळवणे, त्या चालतात का ते पाहणे, पेटी आणि पुस्तिकेची छायाचित्रे घेणे, आणि ते बनवणाऱ्यांना पत्र लिहून मुलाखत मागणे हा एका सत्राचा प्रकल्प आहे. २००९-१० मध्ये पंचविशी-तिशीत असलेले ते प्रोग्रॅमर आणि चित्रकार आज चाळिशीत असतील, कामात असतील, त्यांना सारे आठवत असेल. आज विचारले तर ते उत्तर देतील.